टाइप २ मधुमेहाचं निदान झाल्यावर: खाणंपिणं आणि रक्तातली साखर याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निदान झालं त्या आठवड्यात मी भात, बटाटा, फळं, दूध सगळं एका फटक्यात बंद केलं. दहाव्या दिवशी रात्री अकरा वाजता ओट्यापाशी उभं राहून बिस्किटांचं अख्खं पाकीट संपवलं आणि दुसऱ्या दिवशी भीतीपोटी साखर तपासलीच नाही. त्याला आता नऊ वर्षं झाली. खालचे प्रश्न त्या वेळचे माझे आहेत, आणि नंतर "तुलाही आहे ना गं, मग सांग" म्हणून फोन करणाऱ्यांचे. मी डॉक्टर नाही. गोळी कोणती, किती, कधी बंद करायची हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मी बोलणार आहे ते ताटाबद्दल आणि घरी साखर मोजायच्या मीटरबद्दल.

रिपोर्टमधले आकडे नेमकं काय सांगतात?

उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त (दर डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम), किंवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. लक्षणं काहीच नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात.

एचबीए१सीला आपण सगळे 'तीन महिन्यांची सरासरी' म्हणतो. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात साखर तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते, आणि किती चिकटली ते ही तपासणी मोजते. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी ११० आली आणि एचबीए१सी मात्र ८.२, तर लगेच लॅबला दोष देऊ नका. बहुधा दिवसभरात जेवणानंतर साखर बरीच वर जाऊन येत असते आणि आपल्याला पत्ताच नसतो. अर्थात ॲनिमिया असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असेल, तर हा आकडा फसवू शकतो. तसं काही असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा.

उद्दिष्ट म्हणाल तर बहुतेक प्रौढांसाठी एचबीए१सी ७ च्या आत, उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवल्यानंतर १८० च्या आत असं धरतात. वय झालेलं असेल, इतर मोठे आजार असतील किंवा साखर सारखी लो होत असेल, तर डॉक्टर मुद्दाम सैल उद्दिष्ट देतात. शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

मी तर गोड फारसं खातही नव्हतो. मग हे झालं कसं?

हा प्रश्न विचारताना प्रत्येकाचा आवाज थोडा खाली येतो, म्हणून आधी एवढंच सांगते: मधुमेह म्हणजे गोड खाल्ल्याची शिक्षा नाही. आनुवंशिकता, पोटाभोवती आणि यकृतात साठलेली चरबी, बैठं काम, वय, कधीकधी स्टेरॉइडसारखी औषधं, असं बरंच काही एकत्र येतं. रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनला स्नायू आणि यकृत पूर्वीसारखी दाद देत नाहीत. स्वादुपिंड काही वर्षं जास्तीचं इन्सुलिन तयार करून ओढून नेतं, मग थकतं. निदान होतं तोवर हे सगळं बरीच वर्षं चाललेलं असतं.

एक हिशोब मला फार उपयोगी पडला. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. साखर १०० असेल तर त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज किती? ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातातून ४० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज तयार होतं. म्हणजे निरोगी शरीर प्रत्येक जेवणाला त्या चमच्याच्या आठपट साखर गुपचूप जागच्या जागी लावत असतं. आपलं शरीर तेच काम हळू करतं. आता त्याच्यापुढे एका वेळी किती काम टाकायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

म्हणजे भात, ब्रेड, बटाटा कायमचे बंद?

नाही. प्रमाण आणि सोबत काय आहे, हे बदलायचं. साखर चढवण्यात सगळ्यात मोठा वाटा पिष्टमय पदार्थांचा असतो, मग ते गोड लागोत वा न लागोत. ब्रेडच्या एका कापात सुमारे १५ ग्रॅम, मध्यम सफरचंदात २० ते २५, पेलाभर दुधात १२, अंड्यात जवळपास शून्य. हे पाठ करायची गरज नाही. एकदा स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून आपण नेहमी वाढून घेतो तेवढा भात मोजून पाहा. मी 'थोडासाच' म्हणायचे तो २९० ग्रॅम निघाला होता.

ताटासाठी सगळ्यात सोपा नियम असा: अर्ध्या ताटात पिष्ट नसलेल्या भाज्या, पाव ताटात डाळी, कडधान्यं, अंडी, मासे असं प्रथिनांचं काहीतरी आणि उरलेल्या पाव ताटात धान्य. बटाटा भाजीच्या अर्ध्यात धरायचा नाही, धान्याच्या पावात धरायचा. कडधान्यांत पिष्टही असतं, पण तंतू आणि प्रथिनं सोबत असल्याने साखर सावकाश चढते.

खाण्याच्या क्रमानेही फरक पडतो. आधी भाजी आणि प्रथिनं, शेवटी भात किंवा ब्रेड, असं केलं तर तेच ताट कमी चढतं. फुकटात मिळणारा फायदा आहे, मला तरी तो सोडवत नाही.

तूप-तेल-लोणी साखर फारशी चढवत नाहीत म्हणून त्यांना मोकळं रान देणाऱ्यांना एक आठवण: मधुमेहात जिवाला मोठा धोका हृदयविकाराचा असतो. त्यामुळे संपृक्त चरबी आणि मीठ यांच्याकडेही बघावं लागतं. मीठ सगळं मिळून दिवसाला ५ ग्रॅमच्या आत.

कुठला पदार्थ मला किती चढतो, हे कसं कळणार?

मोजून. माझं सगळं पथ्य याच एका सवयीवर उभं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नुसती सकाळची उपाशीपोटीची साखर रोज मोजून तुमच्या जेवणाबद्दल काहीच कळत नाही. जोडीने मोजायचं: जेवायला बसण्याआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. मधला फरक म्हणजे त्या ताटाचा निकाल. मी स्वतःसाठी ५० च्या आतली वाढ चालेल असं धरलं होतं. तुमचा आकडा डॉक्टरांशी बोलून ठरवा. माझ्या पहिल्या वहीतलं एक पान अजून जपून ठेवलंय. सोमवारी भात आणि बटाट्याची भाजी: आधी ११८, नंतर २१४. बुधवारी तेवढाच भात, पण आधी भरपूर पालेभाजी आणि दोन अंडी: ११५, १७६. शुक्रवारी भात निम्मा, बाकी बुधवारसारखंच, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं: १२१, १४९. हे तीन दिवस पाहिल्यावर मला कुणी काही समजावायची गरज उरली नाही. तुमचे आकडे वेगळे येतील, कारण एकच पदार्थ दोन माणसांना सारखा चढत नाही.

सगळ्या जेवणांना मोजायला नको, स्ट्रिप काही फुकट येत नाहीत. एका आठवड्यात फक्त न्याहारीच्या जोड्या, पुढच्या आठवड्यात फक्त रात्रीच्या. आपण फिरूनफिरून आठ-दहा प्रकारचीच जेवणं जेवतो. महिना-दोन महिन्यांत सगळी तपासून होतात.

मीटरबद्दल दोन गोष्टी. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वर मीटरला १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. खरी साखर १५० असेल तर मीटर १२८ दाखवो की १७२, तो नियमात बसतो. त्यामुळे १४२ आणि १५१ मधल्या फरकाचं दुःख करत बसू नका. दुसरं, हात धुवा. एकदा मी संत्रं सोलून तसंच बोट टोचलं आणि मीटरने २४३ दाखवली. धाबं दणाणलं. साबणाने हात धुऊन, पुसून पुन्हा पाहिलं तर १३१. बोटावरच्या रसाची साखर मोजली होती.

दंडावर लावायचा सेन्सर घ्यावा का?

इन्सुलिन घेणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होतो. बाकीच्यांनी परवडत असेल तर एखाद-दोन आठवडे लावून पाहावा, जेवणानंतरचे चढउतार डोळ्यांसमोर दिसतात. तो रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून काही मिनिटं मागे असतो. त्यामुळे जेवल्यावर किंवा चालताना साखर भराभर बदलत असेल, तेव्हा मीटर आणि सेन्सर यांचं जुळत नाही. दर पाच मिनिटांनी फोन बघून जीव टांगणीला लागणार असेल, तर वही बरी.

ग्लायसेमिक इंडेक्स पाहून खावं का?

ही कल्पना टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. ग्लुकोजला १०० धरून इतर पदार्थ साखर किती वेगाने चढवतात याची ती तुलना आहे. ५५ पर्यंत कमी, ७० च्या वर जास्त. अडचण अशी की हा आकडा पदार्थ एकटाच, ठरावीक प्रमाणात खाल्ला तर काय होतं ते सांगतो. कलिंगडाचा इंडेक्स जास्त दिसतो, पण त्यात बहुतेक पाणीच, म्हणून एका फोडीने फार काही होत नाही. आइस्क्रीमचा इंडेक्स चरबीमुळे कमी येतो, त्याने ते पथ्याचं होत नाही. तक्ता बघायला हरकत नाही, पण माझा भरवसा वहीवर.

फळं?

अख्खी खा, पिऊ नका. एका वेळी एक मध्यम फळ किंवा वाटीभर फोडी, आणि शक्यतो भरपेट जेवणावर लगेच नको. पेलाभर रसात तीन-चार फळांची साखर असते आणि तंतू गाळणीत राहिलेले असतात. सुक्या फळांतलं पाणी गेलेलं असतं, साखर तेवढीच राहते. खजूर खाल्ले की सहज आठ होतात, दोनच मोजून घ्या आणि डबा आत ठेवा.

मध, तपकिरी साखर, 'शुगर फ्री' बिस्किटं?

मध आणि तपकिरी साखर म्हणजे साखरच, कपडे वेगळे. 'शुगर फ्री' बिस्किटांत साखर नसेल, पण मैदा असतो, आणि मैद्याचं पोटात काय होतं ते आता तुम्हाला माहीत आहे. पाकिटावर 'साखर' ही ओळ वाचून थांबू नका, 'एकूण कार्बोहायड्रेट' बघा. आणि ते किती ग्रॅमला दिलंय तेही. एका पाकिटावर प्रमाण 'दोन बिस्किटांना' दिलेलं मी पाहिलंय. दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

साखरेऐवजी घालायच्या, साखर न वाढवणाऱ्या गोड गोळ्या चहाला चालतात, माफक प्रमाणात. त्यांनी वजन उतरेल अशी आशा मात्र ठेवू नका. सगळ्यात चांगली युक्ती वेळखाऊ आहे: चहातली साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जायची. दीड-दोन महिन्यांत जुना चहा आपल्यालाच मिट्ट गोड लागतो. आणि शीतपेयं सरळ बंद. ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. मघाचा चमचा आठवा, हे तसे सात झाले.

रात्री हलकं जेवले, तरी सकाळी साखर जास्त. असं का?

कारण रात्रभर यकृत झोपत नाही. पहाटे शरीर उठायची तयारी करतं, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढतात, यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं. निरोगी माणसाचं इन्सुलिन ते आवरतं, आपलं आवरत नाही. म्हणून रात्री न जेवता झोपूनही सकाळी १५० येऊ शकते. यात तुमचं पथ्य मोडलेलं नाही. सकाळचा आकडा बराचसा वजन, झोप आणि औषध यांच्या हाताने उतरतो, आणि सगळ्यात शेवटी उतरतो.

चालायचं कधी?

जमेल तेव्हा, पण साखरेसाठी सगळ्यात चांगली वेळ जेवल्यानंतरची. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतो. जेवून दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी मीटरवर फरक दिसतो. आठवड्याला एकूण १५० मिनिटं आणि दोन-तीन दिवस वजनं उचलण्यासारखा ताकदीचा व्यायाम असं सांगतात. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठाबसा करा, तोही व्यायामच.

साखर लो झाली तर काय करायचं?

हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. ७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. हात थरथरणं, दरदरून घाम, धडधड, एकाएकी चिडणं, बोलणं तुटक होणं. अशा वेळी लगेच १५ ग्रॅम झटपट साखर: ग्लुकोजच्या गोळ्या, पाण्यात विरघळवलेली तीन-चार छोटे चमचे साखर किंवा अर्धा पेला फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. वर आली की थोडं काही खाऊन घ्या. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ठसका लागून जीव जाऊ शकतो. तातडीची वैद्यकीय मदत बोलवा.

अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी चालू असेल तर साध्या साखरेने लवकर काम होत नाही, कारण साखर फोडायची क्रियाच त्या गोळीने मंदावलेली असते. त्यांनी जवळ ग्लुकोजच ठेवावं.

लो होण्याचा धोका मुख्यतः इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्यांनी असतो. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा होत नाही. आणि एक गंमत: बरेच महिने २५० वर राहिलेल्या शरीराला १२० लासुद्धा लो झाल्यासारखं वाटतं. घाम फुटतो, हात कापतात. म्हणून मोजता येत असेल तर आधी मोजा. मोजता येत नसेल तर विचार करत बसू नका, साखर घ्या.

जेवण वगळून किंवा पिष्टमय पदार्थ अगदी कमी करून चालेल का?

काहींना छान लागू पडतं. पण इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या चालू असताना स्वतःच्या मनाने केलं तर साखर धोक्याइतकी लो होऊ शकते, डोस आधी कमी करावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय अजिबात करू नये. त्यांच्यात साखर फार वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल साचू शकतं.

मधुमेह 'उलटवता' येतो म्हणतात. खरं?

जाहिरातींतला शब्द सोडून द्या. डॉक्टर 'रेमिशन' म्हणतात: गोळ्यांशिवाय किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली. हे खरंच घडतं. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या अभ्यासात निदानाला सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांना काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींच्या द्रव आहारावर, देखरेखीखाली ठेवलं. २०१७ मध्ये पहिल्या वर्षाचे निकाल आले. आहार बदललेल्या गटातले ४६ टक्के लोक रेमिशनमध्ये होते, आणि ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यातले ८६ टक्के. दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ झाले, कारण वजन परत येतं.

मला रेमिशन मिळालेलं नाही. मी साडेसहा किलो उतरवले, त्यातले चार टिकले, गोळ्या दोनाच्या एकावर आल्या. ज्यांचं वजन मुळात कमीच आहे त्यांनी उपाशी राहून अंग वाळवू नये.

गोळी लागली म्हणजे पथ्यात मी कमी पडले?

नाही. आजार स्वतःच्या गतीने पुढे सरकतो, आणि नीट पथ्य करणाऱ्यांनाही काही वर्षांनी औषध वाढवावं लागतं. साखर सुरुवातीपासून आटोक्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंड वाचतात, हे ब्रिटनच्याच एका वीस वर्षं चाललेल्या मोठ्या अभ्यासात १९९८ मध्ये स्पष्ट झालं. मेटफॉर्मिनने पोट बिघडत असेल तर ती जेवणासोबत घ्या, सावकाश विरघळणाऱ्या प्रकाराबद्दल विचारा, आणि वर्षानुवर्षं घेत असाल तर बी१२ तपासून घ्या. पायाला मुंग्या येतात त्या दर वेळी साखरेमुळेच येतात असं नाही.

ताप किंवा उलट्या झाल्या, जेवण जात नाही. मग गोळी?

आजारपणात काही न खाताही साखर चढते, म्हणून मोजणं वाढवा आणि घोट घोट पाणी चालू ठेवा. काही गोळ्या अशा वेळी थांबवतात, इन्सुलिन सहसा पूर्ण थांबवत नाहीत. कुठलं काय, हे बरं असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. १०२ ताप असताना फोनवर ऐकलेलं डोक्यात राहत नाही.

मद्य?

रिकाम्या पोटी कधीच नाही. यकृत मद्य निस्तरण्यात गुंततं आणि ग्लुकोज सोडायचं थांबवतं, त्यामुळे काही तासांनी, झोपेत, साखर लो होऊ शकते. आणि बघणाऱ्याला वाटतं, दारू चढली असेल.

गोडाचा आग्रह करत "एकाने काय होतंय" म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

एकाने खरंच फार काही होत नाही, पण आग्रह करणारे सहा जण असतात. मी "नको" म्हणत नाही, "घेते नंतर" म्हणते. समारंभ असेल त्या दिवशी गोड काय खायचं ते आधीच ठरवते, तेवढ्यापुरता भात सोडते, आणि ते गोड बसून, चवीने खाते. ओट्यापाशी उभं राहून नाही.

साखर उतरायला लागल्यापासून धूसर दिसतंय. डोळे गेले का?

बहुधा नाही. वाढलेल्या साखरेने डोळ्यातलं भिंग फुगतं, साखर उतरली की ते पुन्हा आकार बदलतं आणि काही आठवडे नंबर हलत राहतो. त्या काळात नवा चष्मा करू नका, मी केला होता आणि सव्वा महिन्यात तो कपाटात गेला. पण डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी, बाहुली मोठी करून, निदानानंतर लगेच करून घ्या. टाइप २ कधी सुरू झाला हे कुणालाच ठाऊक नसतं आणि पडद्यावरचे बदल बराच काळ दिसण्यात जाणवत नाहीत. त्याच फेरीत लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी आणि पावलांची संवेदना बघून घ्या. एकाएकी डोळ्यांपुढे काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखं वाटलं तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.